वरचे पाणी, खालचे पाणी

जन्माने मी सातारकर आणि पोटापाण्याने सांगलीकर. 'पोटापाण्याने' हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यावा. कारण या दोन गावांतला फरक मला विचाराल, तर तो पाण्याचाच आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, वाड्याच्या कागदावर सही करायला ये." मंगळवार पेठेतला आमचा वाडा पाडून तिथे चार मजली इमारत व्हायची होती. सांगलीत जन्मलेल्या लेकीला म्हटले, "चल, एकदा आपला वाडा बघून घे."

राजवाड्यापासून आम्ही चालत निघालो. याच वाड्यात भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी लहानग्या आंबेडकरांचे नाव दाखल झाले, हे तिला सांगितले. ती क्षणभर थांबून पाहत राहिली. मग कंदी पेढ्यांच्या वासाने आम्हां दोघांनाही पुढे ओढले.

साताऱ्यात रस्ता एक तर चढतो, नाही तर उतरतो. मान वर केली की दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर. घरांनीही या उताराशी जमवून घेतलेले. पुढून दुमजली दिसणारे घर मागून तीन मजली निघते. दोन नव्या इमारतींच्या फटीत एखादा वाडा अजून अंग चोरून उभा असतो. खाली मोबाइलचे दुकान, वर सागवानी खांबांची ओसरी आणि तिच्या कठड्यावर वाळत घातलेली गोधडी.

आमच्या वाड्याच्या चौकात दगडी हौद आहे. महादऱ्याच्या तळ्यातून खापरी नळांनी पेठांतल्या हौदांत पाणी येई, तेव्हाचा हा थाट. पुढे कासचे पाणी आले, तेही उतारानेच. डोंगराने पाणी पाठवावे आणि माणसाने हौद बांधून वाट पाहावी, असा हा सरळ व्यवहार. आता हौद कोरडा. त्यात पुतण्याची मोडकी सायकल.

लेक भिंतींवरून नजर फिरवत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, इथली रेघ कुठे आहे?"

मी चमकलो. सांगलीच्या गावभागात वाढलेल्या मुलीला जुन्या घराच्या भिंतीवर पुराची रेघ असतेच, असे वाटत होते! तिच्या गावात पाणी वरून येत नाही, खालून चढते. म्हणून तिथली जुनी घरे उंच जोत्यावर, आणि माळा हा अडगळीसाठी नसून पावसाळ्यासाठी. आमच्याकडे श्रावणात लोक एकमेकांना खुशाली विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" एवढेच विचारतात. १९२९ साली खुल्या झालेल्या त्या पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेले की धोका. २००५ च्या पुराने हरिपुरातल्या हळदीच्या पेवांतही पाणी शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये तर ते ५७ फुटांवर गेले. परत आलो तेव्हा घरात घोटाभर गाळ होता आणि माझी पुस्तके फुगून कपाटाची दारे उघडेनात. रंगारी आला तेव्हा हिने बजावले, "रेघ तेवढी राहू दे."

खरे तर पाणी एकच. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, कराडला कोयना. हरिपूरला वारणा येते. तेच पाणी आमच्या दारी येऊन उभे राहते. "तुमच्या हौदात मावलं नाही, ते आमच्या माजघरात," असे ही मला नेहमी ऐकवते.

मी सही केली. भाऊ त्या वाड्यात गळकी कौले बदलत राहिला आणि मी सांगलीत बसून आठवणी काढत राहिलो. नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता. हौदाच्या काठाचा एक दगड तेवढा मागून घेतला.

तो आता सांगलीच्या घरात, पायरीपाशी आहे. लेकीने पट्टी आणून मोजले. भिंतीवरच्या रेघेच्या तो चांगला तीन फूट खाली.

"बाबा, पूर आला तर हा बुडेल."

आतून हिचाच आवाज आला, "बुडू दे. गावाकडचं पाणी भेटेल त्याला."