अडतीस, अठ्ठावन्न, पासष्ट

महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला राज्यसेवेची परीक्षा ३८व्या वर्षापर्यंत देता येते. पुढे त्याचं वय झालेलं असतं. सेवेत असलेले बहुतेक सरकारी कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात. प्राप्तिकर खातं ६०व्या वर्षी माणसाला ज्येष्ठ मानतं, ८०व्या वर्षी अतिज्येष्ठ. एसटीचं अर्धं तिकीट पुरुषांना पासष्टीला सुरू होतं आणि २०२२पासून पंच्याहत्तरीनंतर प्रवास मोफत झाला आहे. प्रत्येक आकड्यामागचा हिशेब वेगळा, म्हणून ते जुळत नाहीत याची तक्रार नको. पण ते ओळीने मांडले की एक गोष्ट डोळ्यांत भरते: वयामुळे जे हातून जातं ते लवकर जातं आणि वयामुळे जे मिळतं ते उशिरा येतं. पन्नाशीतल्या माणसाला ‘आता तुमचं वय झालं’ हे ऐकून राग येतो, तेव्हा आपण त्याला तारुण्याचा सोस म्हणतो. मला तो राग रास्त वाटतो. त्याच्यावर वयाचा शिक्का बसलेला असतो, आणि त्या शिक्क्यासोबत येणारी एकही सवलत अजून दहा-पंधरा वर्षं त्याच्या वाट्याला यायची नसते. मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते, ऐंशीच्या घरातले आईवडील हे सगळं ऐन भरात असताना नोकरी गेली, तर मुलाखतीला बोलावणंच येत नाही. नाही का म्हटलं, हेही कुणी सांगत नाही.

यावर म्हटलं जातं की आपल्याकडे वय हा मान आहे. काका, मावशी, आजोबा या हाकांत आपुलकी असते. असतेच. गावात ज्याला सगळे आबा म्हणतात त्याच्या बांधावरच्या शब्दाला वजन असतं, म्हणून ती हाक त्याला गोड लागते. त्याच माणसाला शहरातल्या दवाखान्यात नेलं की डॉक्टर सोबतच्या मुलाला विचारतात, ‘आजोबांना काय होतंय?’ आजोबा समोर बसलेले, शुद्धीवर, दुखणं त्यांचं. हाकेत आदर आहे, पण प्रश्न त्यांना वगळून पुढे गेला. माणसं चिडतात ती इथे. तीच माणसं एसटीत अर्ध्या तिकिटासाठी आधार कार्ड आनंदाने पुढे करतात, कारण तिथे वय सांगितल्याने काही मिळतं आणि बोलणारी तीच राहतात.

नाव ठेवल्याने कुणाचं काय झिजतं, असं विचारणाऱ्यांसाठी एक अभ्यास महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पन्नाशीपुढच्या ६६० जणांची अनेक वर्षं पाहणी झाली. संशोधक बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००२ साली तिचे निष्कर्ष मांडले: स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे इतरांपेक्षा साडेसात वर्षं जास्त जगले. ज्यांची प्रकृती धड तेच वयाबद्दल बरं बोलणार, ही शंका उघड आहे. संशोधकांनी प्रकृती, सामाजिक-आर्थिक स्थिती, एकटेपण हे हिशेबात धरूनही फरक उरला. एका अभ्यासावर सगळं तोलू नये. तरी आपण वयाबद्दल जे सतत ऐकतो ते अंगात मुरतं, एवढं मानायला तो पुरेसा आहे.

सगळ्यात खरा आक्षेप वेगळाच आहे. ‘मी काही म्हातारा नाही’ म्हणणारा माणूस नकळत जे खरोखर थकलेत त्यांना खालचं ठरवतो. हे मला मान्य आहे. म्हणून साठीतल्या कर्तबगारांची उदाहरणं दिली जातात तेव्हा मी अस्वस्थ होते. धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढलं ते १९१६ साली, वयाच्या ५८व्या वर्षी. पण साध्या माणसाला साठीत विचारात घेतलं जाण्यासाठी कर्वे व्हावं लागू नये. नुसता शब्द बदलूनही भागत नाही. जपानने २००८ साली पंच्याहत्तरीपुढच्यांसाठी वेगळी आरोग्य विमा योजना आणली आणि तिच्या नावात त्यांना ‘उत्तर टप्प्यातले वृद्ध’ म्हटलं. लोक संतापले, तेव्हा सरकारने ‘दीर्घायुष्य योजना’ असं पर्यायी नाव पुढे केलं. निवृत्तिवेतनातून हप्ता कापला जातच राहिला आणि रागही राहिला. आपल्याकडे २०२० साली रेल्वेने ज्येष्ठांची भाड्यातली सवलत काढली. ‘ज्येष्ठ नागरिक’ हे नाव मात्र राहिलं.

साठ वर्षांच्या शेतमजुराला निवृत्तीचं वय नाही. त्याला ज्येष्ठ म्हटलेलं लागत नाही. त्याला लागते ती कमी मिळणारी मजुरी आणि दूर असलेली पासष्टी. म्हणून सवलतीसाठी वयाची रेघ असू द्यावी, आणि अंगमेहनत करणाऱ्यांसाठी ती खाली आणावी. सगळ्यांची कुवत तपासत बसणं शासनाला जमणार नाही, हे खरं. पण काम नाकारताना वय हे कारण म्हणून पुरेसं धरू नये. पोलीस भरतीत धावावं लागतं, तिथली अट समजते. टेबलावरच्या कामाला चाळिशीतली व्यक्ती का चालत नाही, हे पदागणिक जाहिरातीतच लिहून द्यायला हवं.