आकडा डेंग्यूचा, स्लाइड वेगळीच

पावसाळ्यात जळगावात प्लेटलेट कमी आल्या की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, डेंग्यू. त्या पाच वर्षांच्या पोराचा आकडा मशीनमधून ४१ हजार निघाला, तेव्हा आमच्या लॅबमध्येही तेच म्हटलं गेलं. कुटुंब अमळनेरकडचं. फॉर्मवर 'अशक्तपणा' एवढंच लिहिलेलं. बापाशी बोलताना कळलं, आठवड्यापूर्वी रक्ताची आव पडत होती.

"हागवण बंद व्हयनी भाऊ, पन पोऱ्या कालदिनपाईन मुतना नही."

हिमोग्लोबिन ६.२. डेंग्यू बिघडतो तेव्हा रक्त घट्ट होतं, इथे ते उतरलेलं. स्मिअर ओढला, लीशमन स्टेन केला, शंभरच्या लेन्सखाली धरला. गोल असायच्या त्या लाल पेशींतल्या कितीतरी फुटलेल्या. कुणी अर्धी, कुणाला दोन शिंगं. धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकताना अशी स्लाइड दाखवली होती, 'हेल्मेट सेल' म्हणून. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी डोळा लावला आणि उभ्याउभ्याच डॉक्टरांना फोन केला. क्रिएटिनिन ५.१ निघालं. हिमोलायटिक युरेमिक सिंड्रोम.

मला यातलं नवल हे वाटतं, की जंतू लाल पेशीला हातही लावत नाही. कियोशी शिगांनी १८९७ मध्ये जपानात शोधलेला आवेचा जंतू आणि ई. कोलायच्या काही जाती आतड्यात एक विष सोडतात. ते रक्तातून मूत्रपिंडापर्यंत जातं, तिथल्या केसाहूनही बारीक वाहिन्यांचं अस्तर सोलतं. सोललेल्या जागी प्लेटलेट धावतात, गुठळ्या होतात, त्यातच त्या खर्ची पडतात. सात-आठ मायक्रॉनची पेशी त्या गुठळ्यांमधून रेटली जाते आणि बाभळीच्या कुंपणातून ओढलेल्या पदरासारखी फाटते. वाहिन्या तुंबल्या की लघवी बंद. अन् हे सगळं बहुधा जुलाब आटोक्यात येत असताना, घरचे सुटकेचा श्वास टाकतात तेव्हा. डेंग्यू समजून सलाइनवर सलाइन चढवलं असतं, तर ते पाणी फुप्फुसांत साचलं असतं.

पोराला धुळ्याला नेलं. पोटातून डायलिसिस झालं, रक्त चढवलं. लघवी सुरू झाली त्या दिवशी बापानं फोनवर आरोळीच ठोकली.

आता तो पोराला तपासणीला आणतो, पण दर वेळी कुरकुरत. "आते ते बरा शे भाऊ, रगत कसाले काढतस?" मी त्याला रक्तदाबाचं आणि लघवीतल्या प्रथिनांचं सांगतो, मूत्रपिंडाची जखम कधीकधी काही वर्षांनी तिथूनच डोकं काढते. तो "हाव" म्हणतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारतो.