रिकर्व्ह की कंपाउंड?

शिकारीशी माझा संबंध वाचण्यापुरताच. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनी ती हौस संपवली, आणि बरंच झालं! पण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा एक वाद मी मोठ्या चवीनं वाचतो. बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेलं आडवं धनुष्य, म्हणजे क्रॉसबो, कोणतं घ्यावं? रिकर्व्ह की कंपाउंड?

रिकर्व्हची टोकं पुढं वळलेली, भाग मोजके. दोरी तुटली तर रानातच नवी चढवावी. कंपाउंडच्या टोकांना चाकं. धनुष्याला चाकं लावण्याच्या या युक्तीचं पेटंट मिसुरीच्या हॉलेस ॲलन यांना १९६९ साली मिळालं. अंगानं हे आटोपशीर; पण दोरी बदलायला बहुधा दुकानच गाठावं लागतं.

पाटा-वरवंटा की मिक्सर, या आपल्या घरांतल्या वादाचंच हे भावंड. मात्र चटणी जाडीभरडी राहिली म्हणून कुणाचा जीव तळमळत नाही. इथं बाण चार बोटं चुकला, तर जखमी हरीण रात्रभर रानात तडफडतं. शिवाय वेगवान बाण सेकंदाला चारशे फूट गेला, तरी दोरीचा आवाज अकराशे फूट जातो. बाण पोचण्याआधीच हरीण दचकून हललेलं असतं! लांबून नेम धरणाऱ्याला मग चाकंही तारत नाहीत.

म्हणून धनुष्य कोणतंही असो, अंतर जास्त वाटताच चाप न ओढता रित्या हातानं घरी परततो, तोच शिकारी मला खरा वाटतो.