मगरीच्या घराची दुरुस्ती

बडोद्याच्या जुन्या शहराला चार दिशांना चार दरवाजे आहेत. पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडीगेट आणि पूर्वेस पाणीगेट. चारही दरवाजांचे रस्ते मध्यभागी मांडवीपाशी येऊन मिळतात. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही ह्या पाणीगेटापाशी उभे होतो. आमच्या गावातील मुलांची सहल येथील कमाटीबागेतील प्राणिसंग्रहालयात न्यावयाची होती, आणि मुलांना नेण्यापूर्वी आपण एकदा स्वतः सर्व पाहून यावे, असे आम्ही ठरविले होते.

एवढा खटाटोप कशाला, असे वाचक विचारतील. त्याला कारण झाले. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांना दुसऱ्या एका शहरातील प्राणिसंग्रहालयात नेले होते. गाडीत बसल्यापासून मुलांच्या तोंडी एकच विषय होता, साप आणि मगर. प्रत्यक्षात तेथे पोहोचलो तो सापांच्या आणि मगरींच्या विभागाला पत्रे ठोकलेले, आणि दुरुस्तीसाठी बंद अशी पाटी लावलेली. चूक आमचीच होती. आम्ही आधी चौकशी केली नव्हती. मुले हिरमुसली. त्यांत सात वर्षांची एक मुलगी होती. ती रडली नाही की रुसली नाही. तिने आम्हांला एवढेच विचारले, "फादर, घर दुरुस्त होईपर्यंत मगर कुठे राहते?" आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मनातून गेला नाही, आणि ह्या खेपेस तो आमच्याबरोबर बडोद्यापर्यंत आला.

पाणीगेटाजवळ आमच्या ओळखीचे एक वृद्ध मराठी गृहस्थ राहतात. गायकवाडांच्या राज्यामुळे ह्या गुजराती शहरात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, त्यांपैकीच हे एक. चहा घेता घेता आम्ही त्यांना आमची अडचण सांगितली. "समजा, आम्ही मुलांना घेऊन आलो आणि येथेही तो विभाग बंद असला तर?" आजोबा हसले. म्हणाले, "फादर, मगरीसाठी बडोद्यात तिकीट कशाला हवे? चला माझ्याबरोबर."

आम्ही निघालो. पाणीगेटाहून मांडवी, तेथून लहेरीपुरा, न्यायमंदिराची भव्य इमारत, सूरसागर तलाव आणि पुढे कमाटीबाग. मोठ्यांना हा रस्ता पायी चालता येण्याजोगा आहे, लहान मुले बरोबर असल्यास रिक्षा करणे बरे.

कमाटीबागेचे दुसरे नाव सयाजीबाग. तिसरे सयाजीराव महाराज ह्यांच्या नावाने 1879 साली ती उभी राहिली. महाराज त्या वेळी अवघे सोळा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा हा शेतकरी कुटुंबातील मुलगा 1875 साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, ही गोष्ट आमच्या गावाकडील मुलांना अवश्य सांगावी. बागेतच बडोद्याचे प्रसिद्ध वस्तुसंग्रहालय आहे. त्यात निळ्या देवमाशाचा सुमारे 70 फूट लांबीचा सांगाडा मांडलेला आहे. हा देवमासा 1944 साली मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. प्राणिसंग्रहालयातील एखादा विभाग बंद असला, तरी हा सांगाडा पाहून मुले तोंडात बोट घालतील ह्यात शंका नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या घराची दुरुस्ती म्हणजे नुसती रंगसफेदी नव्हे. साप, कासव, मगर ह्यांचे रक्त आपल्यासारखे स्वतःच्या बळावर उबदार राहत नाही. त्यांना ऊन हवे तेव्हा ऊन आणि सावली हवी तेव्हा सावली मिळाली नाही, तर त्यांचे अन्नही पचत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सर्पगृह 1849 साली उघडले. पण ह्या प्राण्यांना एकाच खोलीत कोठे अधिक, कोठे कमी ऊब कशी द्यावी, ह्याचा नीट विचार करून बांधलेले घर तेथे 1927 साली झाले. जोन प्रॉक्टर नावाच्या एका विदुषीने ते आखले होते. त्या घराची जागाही 2024 साली नव्या इमारतीने घेतली. आपल्याकडे 1992 पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण पिंजऱ्यांविषयी नियम घालून देते. तेव्हा अशी पाटी दिसली म्हणजे आपला दिवस फुकट गेला असे न मानता, आतल्या मुक्या जीवाची सोय होत आहे असे मुलांना सांगावे. दुरुस्तीच्या काळात त्या प्राण्यांना दुसऱ्या सुरक्षित जागी हलवितात. त्या मुलीला आम्ही त्या दिवशी एवढे तरी सांगावयास हवे होते.

पण आजोबांनी आम्हांला पिंजऱ्यापाशी नेलेच नाही. ते आम्हांला काळा घोडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळच्या पुलावर घेऊन गेले. खाली विश्वामित्री नदी वाहत होती. पावागडच्या डोंगरात उगम पावून ही नदी भर शहरातून वाहत जाते. आजोबांनी बोट दाखविले. काठाच्या चिखलावर एक ओंडका पडलेला दिसला. थोड्या वेळाने ओंडक्याने जबडा उघडला! ती मगर होती, उन्हात अंग शेकीत पडलेली. ह्या नदीत अशा मगरी शेकडोंनी आहेत. लाखो माणसांच्या शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या नदीत इतक्या मगरी असाव्यात, असे उदाहरण जगात विरळा.

"ह्यांच्याही घराची दुरुस्ती झाली, फादर," आजोबा म्हणाले, आणि मग त्यांनी जे सांगितले ते येथे देतो.

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस बडोद्यात मोठा पूर आला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 25 फूट, पण पाणी 35 फुटांच्याही वर गेले. हजारो घरांत पाणी शिरले आणि पाण्याबरोबर मगरी अंगणांत व रस्त्यांवर आल्या. वनखात्याच्या माणसांनी आणि स्वयंसेवकांनी दोन डझनांहून अधिक मगरी धरून सुरक्षित स्थळी नेल्या. असा पूर पुन्हा येऊ नये म्हणून 2025 साली पावसाळ्यापूर्वी नदी खोल व रुंद करण्याचे काम महानगरपालिकेने हाती घेतले. काम सुरू होण्यापूर्वी मगरींची गणती झाली, तीत चारशेहून अधिक मगरी आढळल्या.

अडचण येथेच होती. मगर काठाच्या मातीत बीळ करून राहते आणि फेब्रुवारी ते एप्रिल ह्या महिन्यांत त्याच काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. मातीच्या उबेवर पिल्ले नर होणार की मादी हे ठरते. पावसाच्या तोंडावर अंडी फुटतात, आणि आई पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. नदीचे काम करावयास जे कोरडे महिने मिळतात, नेमके तेच मगरीच्या बाळंतपणाचे महिने! एकीकडे पुरात संसार वाहून गेलेली माणसे, दुसरीकडे बोलता न येणारा प्राणी. म्हणून काम चालू असताना प्राण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी जाणकार माणसे नेमावी लागली.

"मग तुमचे मत काय?" आम्ही विचारले.

आजोबा क्षणभर गप्प राहिले. "माझ्या बहिणीच्या घरात कंबरभर पाणी होते, फादर. नदी खोल करू नका, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण खणताना अंडी कोठे आहेत ते आधी पाहा, एवढे तर म्हणू शकतो ना?"

आम्हांला वाटते, ह्यापेक्षा शहाणे उत्तर मोठ्या सभेतही मिळाले नसते. चरोतरातील काही गावांत तलावाच्या एका काठी माणसे धुणी धुतात आणि दुसऱ्या काठी मगरी पहुडलेल्या असतात. तेथील लोक मगरीला खोडियार देवीचे वाहन मानून तिला त्रास देत नाहीत. आपली श्रद्धा निराळी, तथापि शेजाऱ्याशी अंतर राखून नांदण्याची त्यांची रीत आपणही घ्यावी अशी आहे.

सहलीचा बेत आता ठरला आहे. जी कुटुंबे स्वतंत्रपणे जाणार असतील, त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. निघण्यापूर्वी प्राणिसंग्रहालय व वस्तुसंग्रहालय कोणत्या वारी बंद असते आणि कोणता विभाग दुरुस्तीत आहे, ह्याची चौकशी करावी. काही बंद असल्यास ते मुलांना घरीच सांगावे, दारात पोहोचल्यावर नव्हे. मगर पाहावयाची तर हिवाळ्यात, ऊन वर आल्यावर, आणि पुलावरूनच. काठावर मुळीच उतरू नये, कारण नदीत व काठावर माणसांवर हल्ले झालेले आहेत. दगड किंवा खाद्य फेकू नये.

ती सात वर्षांची मुलगी आता मोठी झाली आहे. आम्ही परत आल्यावर तिला बोलावून तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले, इतक्या वर्षांनी का होईना. तिने सर्व लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "मग त्या वर्षी पिल्ले वाचली का, फादर?" सहलीत ती मुलांबरोबर येणार आहे. हा प्रश्न तिने पुलावर उभे राहून आजोबांनाच विचारावा, असे आम्ही तिला सांगितले आहे.