वीकेण्ड डेस्टिनेशन : बेसमेण्ट बी-वन!

या शनिवार-रविवारी काय प्लॅन? लोणावळा? म्हणजे जाताना घाटात दोन तास, भुशी डॅमवर पाऊल ठेवायला जागा नाही आणि येताना पुन्हा घाटात दोन तास. सिंहगड? पिठलं-भाकरी झकास, पण उतरताना गाड्यांची रांग थेट पायथ्यापर्यंत. मुळशी, ताम्हिणी... तिथे अख्खं हिंजवडी तुमच्या आधी पोचलेलं असतं. त्यापेक्षा आमचं ऐका. पुण्यात एक ठिकाण आहे, जिथे आपण गाडीवाले रोज दोनदा जातो आणि तरीही ते कुणी धड पाहिलेलं नाही. टोल नाही, ऊन नाही, पावसाचं टेन्शन नाही. आपल्याच सोसायटीचं बेसमेण्ट पार्किंग!

सामान फार लागत नाही. रात्री जेवण उरकलं की मोबाइल घेऊन खाली या. हवा न भरलेल्या सायकली, मागच्या गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि कुणाच्या तरी बॉनेटवर झोपलेली मांजर ओलांडून आपल्या गाडीपाशी जा. आता बॉनेटवर टॉर्च मारा आणि हात हळूहळू फिरवा. दिसलं? उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघोट्या. टॉर्च सरकवला की जाळंही सरकतं! हे स्वर्ल मार्क्स. गाडी पांढरी असेल तर फारसं काही दिसणार नाही, खुशाल वर जाऊन झोपा. पण काळी, मरून किंवा गडद निळी असेल, तर आधी खाली बसायला जागा बघा.

गंमत म्हणजे या रेघा गोल नसतातच. त्या आडव्या-उभ्या-तिरक्या, जशा पडतील तशा पडलेल्या असतात. पण दिव्याचा उजेड नेमका ज्यांच्यावरून आपल्या डोळ्यांत येतो, त्या रेघा दिव्याभोवती गोलाकार मांडल्यासारख्या दिसतात. पटत नसेल तर स्वयंपाकघरात जा आणि घासून घासून जुनं झालेलं स्टीलचं ताट दिव्याखाली धरा. सेम टू सेम. बेसमेण्टच्या ट्यूबलाइटखाली हे जाळं लपून राहतं. ते दिसायला ऊन, टॉर्च किंवा पेट्रोल पंपावरचा फोकस लागतो. म्हणून तर गाडी पार्किंगमध्ये एकदम चकाचक आणि सिग्नलला उन्हात उभी राहिली की दहा वर्षं जुनी!

चाकण ते बी-वन

या रेघा पडतात तो थर बनतो आपल्याच शेजारी. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने २००९पासून आहेत, महिंद्रचाही आहे. पिंपरीत टाटा मोटर्स तर त्याच्या कितीतरी आधीपासून. कारखाना कुठलाही असो, पेण्ट शॉपचा फंडा साधारण एकच. आधी पत्र्याचा सांगाडा गंज रोखणाऱ्या द्रावणाच्या हौदात बुचकळतात, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. तो भट्टीत साधारण १४० अंशांना भाजून घट्ट करतात. आत जाणारी माणसं धागे न सुटणारे कपडे घालून, अंगावर हवेचे झोत घेऊन मगच जातात. ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला तरी तो कायमचा पाहुणा, म्हणून हा सगळा थाट.

आता आकडे बघा. पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो! म्हणजे ऊन, पाऊस, पक्ष्यांची शिट आणि नगर रोडची धूळ यांच्याशी लढायला गाडीकडे एका केसाइतकीही जाडी नाही. आणि स्वर्ल मार्क्स 'काढतात' म्हणजे काही त्यांच्यात भरण घालत नाहीत. रेघेच्या आजूबाजूचा थर घासून रेघेच्या तळापर्यंत खाली आणतात. एका चांगल्या पॉलिशमध्ये एक-दोन, कधी तीन मायक्रॉन जातात. गेलेला मायक्रॉन परत येत नाही. हा हिशेब डोक्यात पक्का ठेवा, कारण पुढची सगळी स्टोरी त्यावरच आहे.

पहाटे साडेपाच

बी-वनचा खरा प्राइम टाइम पहाटेचा. वर सगळे अलार्म स्नूझ करत असतात तेव्हा खाली मामा आलेले असतात. गाड्या पुसणारे मामा. त्यांचं नाव सोसायटीत फार थोड्यांना माहीत आहे, पण कुणाची गाडी रात्री किती वाजता आली, हे मामांना पक्कं ठाऊक. एक बादली, एक फडकं, एकोणीस गाड्या. सात वाजता पहिला हिंजवडीवाला निघतो, त्याच्या आत सगळं उरकायचं.

आता हे फडकं बघा. पहिल्या गाडीची धूळ त्यात, दुसरीची त्यात, तिसरीची त्यात. मेट्रोची कामं, उड्डाणपुलांची कामं, खडीचे डंपर... पुण्याची धूळ म्हणजे बारीक दगडच. हातातल्या फडक्याचं बघता बघता सॅण्डपेपर होतं. त्यात उन्हाळ्यात पाण्याची बोंब. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांच्या पाण्याचे आकडे पेपरात यायला लागले की सोसायटीची नोटीस ठरलेली : गाड्या धुण्यासाठी पाइप लावू नये. मग मामांना बादली किती वेळा बदलता येणार?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोर्टच भरलं. बी-विंगमधल्या काकांनी आपल्या काळ्या सेडानचे उन्हातले फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'मामांच्या कृपेने'. दोन दिवसांत विषय इथवर गेला, की मामांना पुढच्या महिन्यापासून बंद करू आणि मशीनवाल्या एजन्सीला काम देऊ. अंगठे धडाधड पडले. एका गाडीमागे महिन्याला काही शे रुपये. आपल्या पिझ्झाच्या बिलात ते सहज मावतात. पण एकोणीस गाड्या एकदम गेल्या तर मामांचं घर कसं चालणार, हे विचारणारा मेसेज एकच होता. आणि फडकं कुणाचं होतं? काकांनीच दिलेली जुनी बनियन!

बनियनचा राग नाही, पण तिची वीण सपाट. धूळ आत ओढून घेत नाही, पत्र्यावर फिरवत राहते. शिवणीची जाड कड असते ती वेगळीच. मायक्रोफायबरचे धागे लांब आणि मऊ, ते कण आत उचलून घेतात. अर्थात ते वेळोवेळी धुतलं तरच, नाहीतर तेही बनियनचा भाऊ. एजन्सी आली असती आणि तिनेही एकच फडकं सगळ्यांना फिरवलं असतं, तर जाळं तेच पडलं असतं. फक्त युनिफॉर्म घालून.

आमच्याकडे पॉलिशिंगचं छोटं मशीन होतं. ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा काकांकडे रविवार मागून घेतला.

नाना पेठेत कारने? शक्यच नाही

सामानासाठी नाना पेठ. तिथे कार नेण्याचा विचारही नको. पेठेतल्या बोळात दोन टेम्पो समोरासमोर आले, की त्यांच्यामध्ये तुम्ही तिसरे. पार्किंगला सम-विषम तारखांच्या पी-वन, पी-टूच्या पाट्या आहेतच. रिक्षाने जा. स्पेअर पार्ट्सची अशी दाटी पुण्यात दुसरीकडे नाही. टू-व्हीलरचे आरसे, हॉर्न, सीट कव्हर्स, हेल्मेटच्या माळा... आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत 'कुठली गाडी?' हा प्रश्न.

इथे एकच काळजी घ्या. 'स्क्रॅच घालवायचं काहीतरी द्या' म्हणालात तर हातात रबिंगचा डबा येईल. तो डेंटिंग-पेंटिंगवाल्यांचा माल. जाड दाण्याचा आणि सडकून कापणारा. ताज्या रंगकामावर तो ठीक, आपल्याला नको. बारीक दाण्याचं फिनिशिंग पॉलिश मागा. फोमचे मऊ पॅड, मास्किंग टेप, क्ले बार (पुट्टीसारखी मऊ वडी असते) आणि मायक्रोफायबरची सात-आठ फडकी घ्या. मशीन घ्यायचंच असेल तर ड्युअल अॅक्शनचं घ्या. त्याचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता हेलकावेही खातो, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. गॅरेजमधलं एकाच दिशेने गरगरणारं रोटरी मशीन नवशिक्याच्या हातात म्हणजे बॉनेटच्या कडेवरचा क्लिअर कोट गेलाच समजा. मशीन नसेल तर हातानेही होतं. हलकी जाळी जाते, दंड मात्र जाम दुखतात आणि एका दिवसात एका दरवाजापुढे जाणं कठीण.

अख्खा रविवार

बेसमेण्टमध्ये पाण्याचा पूर वर्ज्य. म्हणून गाडी आदल्या दिवशी बाहेर दोन बादल्यांनी धुतली. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी, म्हणजे धूळ परत गाडीवर जात नाही. मग ओल्या पत्र्यावर क्ले फिरवला. हाताला गुळगुळीत वाटणाऱ्या बॉनेटवरून केवढी काळपट घाण निघते ते बघून काका गप्पच झाले. क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यायचा. हळहळत उचलून वापरलात तर नवीन रेघा फुकट.

विजेचा प्रश्न खास सोसायटी छापाचा. कॉमन मीटरवर मशीन लावलं असतं तर सेक्रेटरींनी युनिट मोजली असती. शेजारच्या इलेक्ट्रिक गाडीवाल्याचा पॉइंट त्याच्या स्वतःच्या मीटरवर आहे. त्याने आनंदाने दिला. अशा शेजाऱ्याला जपा!

प्लॅस्टिक, रबर आणि पत्र्याच्या कडा टेपने झाकल्या. मग बॉनेटच्या मधोमध एक पट्टी चिकटवली आणि तिच्या एकाच बाजूला दोन बाय दोन फुटांत काम सुरू केलं. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, आधी मंद वेगात पसरवायचं, मग वेग वाढवून आडवं, मग उभं, प्रत्येक रांग आधीच्या रांगेवर अर्धी चढवत. हात अगदी सावकाश, सेकंदाला इंचभर. घाई केली की पॉलिश उडतं, रेघ राहते. चार-पाच वेळा झालं की पुसायचं. त्यानंतर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवायचा, कारण पॉलिशमधलं तेल रेघांत बसून खोटी चमक दाखवतं. बाजारातली झटपट शाइन बहुतेकदा ही असली चमक असते. दोन-चार वेळा गाडी धुतली की जाळं परत हजर.

पट्टी काढली आणि टॉर्च मारला. एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला नुसता काळा आरसा, त्यात काकांचा चष्मा. काका खाली वाकले, उठले, पुन्हा वाकले. मग म्हणाले, "अरे, माझी गाडी काळी आहे!"

सगळ्यात मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने काम झालं, म्हणून त्यापुढे गेलोच नाही. ज्या रेघेत नख अडकतं त्या दोन रेघा तशाच ठेवल्या. त्या घालवायच्या तर शिल्लक थर धोक्यात. सकाळी आठला सुरू केलेलं काम संध्याकाळी सहाला संपलं, मध्ये चार चहा. शेवटी सीलंटचा हात. (सिरॅमिक कोटिंगवर बोलणारे बरेच भेटतील. लावा, हरकत नाही. पण आधी जाळं न काढता लावलंत तर ते जाळं कोटिंगखाली फ्रेम करून ठेवल्यासारखं!)

दुपारी मामा जेवणाचा डबा घेऊन तिथेच येऊन बसले होते. टॉर्च त्यांच्याही हातात दिला. बराच वेळ बघून म्हणाले, "दादा, हे माझ्या हातानं झालं?" आम्ही म्हटलं, "मामा, फडक्यानं झालं. फडकं आम्हीच दिलेलं."

काकांनी त्याच रात्री ग्रुपवरचा आपला मेसेज मागे घेतला. एजन्सीचा विषय संपला. ठरलं ते असं : प्रत्येक गाडीची स्वतःची दोन मायक्रोफायबर फडकी, नंबर घालून. काचा आणि टायर रोज. पत्र्याला रोज हात लावायचा नाही. आठवड्यातून दोनदा फवाऱ्याने भरपूर ओला करून, दाब न देता पुसायचा. फडकी शनिवारी ज्याची त्याने आपल्या मशीनमध्ये धुवायची, फॅब्रिक कंडिशनर न घालता, कारण त्याने धागे चिकट होतात. मामांचे पैसे तेवढेच, काम थोडं कमी. यावर एकाने 'मग पैसे कमी करायचे का?' असं विचारून बघितलं. त्याला उत्तर काकांनीच दिलं, ते इथे छापण्यासारखं नाही.

पुढचा नंबर सी-विंगमधल्या मरून हॅचबॅकचा. दसऱ्याच्या आधी उरकायचंय, म्हणजे झेंडूच्या हारांना शोभेलशी गाडी असेल. बॉनेटवरचं हळद-कुंकू मात्र त्याच दिवशी पाण्याने उतरवायचं, सुकल्यावर खरवडायचं नाही, असं मालकिणीला आधीच सांगून ठेवलंय.

काका अजून पहाटे खाली येतात, गाडी बघायला. परवा बॉनेटवर धुळीचा ठिपका दिसला म्हणून त्यांनी खिशातला रुमाल काढला. पलीकडच्या खांबाजवळून मामांचा आवाज आला, "साहेब, सुकं नाही मारायचं!"