काचेतल्या समुद्रातलं शेवाळ

म्हैसूर, रविवार

समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवरच्या या गावात आमचा काचेच्या टाकीतला समुद्र मीठ कालवून केलेला. सध्या त्यातल्या खडकांवर केसाळ हिरवं शेवाळ माजलंय. जुन्या टूथब्रशने घासलं की बुळबुळीत झुपके हातात येतात. मुळाशी उरलेला डाग मात्र लगेच पुन्हा दाढी वाढवतो.

दुकानदार औषधाची बाटली पुढे करतो. मला ते पटत नाही. शेवाळ टाकीतच मेलं, तर त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट पाण्यातच उतरणार, म्हणजे पुढच्या पिकाला आयतं खत. त्यापेक्षा उपटून बाहेर टाकावं, माशांचं खाणं आवरतं घ्यावं, दिवा कमी वेळ लावावा. बदलायचं पाणी आरओचंच, मीठ घालून १.०२५ घनतेवर आणलेलं. टर्बो गोगलगायी कोवळं शेवाळ चरतात. लांब वाढलेल्याला सहसा तोंड लावत नाहीत. नखरे!

वाळूवरचा लालसर जांभळा थर मात्र खरं शेवाळ नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. स्पिरुलिना याच गोतावळ्यातली. ती भरघोस कशी वाढवावी, यावर याच गावात, चेलुवांबा महालातल्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत, संशोधन झालंय. तिथे ती वाढावी म्हणून खटपट, इथे तिच्या भावकीला हाकलण्याची!

नळीने थर ओढून काढला आणि पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवलं, कारण संथ पाण्यात त्याचं चांगलं फावतं. फिल्टरचा स्पंज उद्या धुवायचाय.