मंचेरियलचा कोसा आणि माझा पहिला स्वेटर

मंचेरियल हे मुद्दाम फिरायला जायचं गाव नाही. काझीपेठ–बल्लारशा मार्गावरून जाताना मध्येच गोदावरीचा लांबलचक पूल लागतो, मग स्टेशन येतं, चहावाले ओरडतात आणि गाडी पुढे निघते. सिंगरेणीच्या कोळसा खाणी, सिमेंटचा कारखाना आणि गोदावरी, एवढीच आमच्या गावाची बाहेर ओळख. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची विभागणी झाली आणि मंचेरियल स्वतःच जिल्ह्याचं ठिकाण झालं. घरात मात्र पत्ता सांगताना अजून ‘जिल्हा आदिलाबाद’च तोंडात येतं.

माझी नोकरी हैदराबादला, सॉफ्टवेअरची. घर इथलं. यंदाच्या संक्रांतीच्या सुट्टीत मी याच गावातून एक छोटा प्रवास केला, आणि त्याचं कारण होतं स्वेटर.

दोन वर्षांपूर्वी घरून काम करत असताना मी आईकडून विणकाम शिकलो. आमच्या कॉलनीतल्या बहुतेक काकू हिवाळ्यात दुपारी उन्हात बसून विणायच्या, तेव्हा सुया-लोकर घरात होतीच. सुलट टाका आणि उलट टाका, या दोनच गोष्टींवर सगळी इमारत उभी आहे हे कळल्यावर माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. टोपी झाली, मफलर झाले. मग ठरवलं, आता बाबांसाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर. निवृत्त झाल्यापासून ते रोज पहाटे फिरायला जातात. ज्यांना तेलंगणा म्हणजे फक्त उन्हाळा वाटतो त्यांनी डिसेंबरमध्ये एकदा इकडे यावं. राज्यातलं सर्वांत कमी तापमान बहुतेक वेळा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच नोंदलं जातं.

विणणाऱ्यांच्या जगात एक प्रथा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेक गावी दर ऑक्टोबरमध्ये मेंढ्या आणि लोकरीची मोठी जत्रा भरते. तिथे जायचं म्हणून लोक महिनोन्‌महिने आधी खास स्वेटर विणायला घेतात आणि तो घालून जत्रेत मिरवतात. मेंढी समोर, लोकर समोर, कातणारा समोर. मी त्या जत्रेचे फोटो आईला दाखवत होतो. ती म्हणाली, “एवढ्या लांब कशाला? चेन्नूरला जाऊन बघ की. तिथे कोशाचा बाजार भरतो.”

मी मंचेरियलमध्ये वाढलो, शाळा इथेच केली, आणि चाळीसेक किलोमीटरवर रेशमाचा बाजार भरतो हे मला चौतिसाव्या वर्षी कळत होतं.

झाडावरचं रेशीम

कोसा म्हणजे टसर रेशीम. तेलुगूत त्याला ‘दसली पट्टू’ म्हणतात. पैठणी किंवा कांजीवरमचं रेशीम तुतीचा पाला खाणाऱ्या, घरात पाळलेल्या किड्यांचं असतं. टसरचा किडा रानातला. तो उघड्यावर, झाडावरच वाढतो आणि त्याचं मुख्य खाद्य म्हणजे ऐन आणि अर्जुनाचा पाला. गडचिरोलीकडे ऐनाला येन म्हणतात. आमच्याकडे तेलुगूत ऐन म्हणजे नल्लमद्दी आणि अर्जुन म्हणजे तेल्लमद्दी. तुती, टसर, एरी आणि मुगा ही चारही रेशमं जिथे व्यापारी प्रमाणावर होतात असा भारत हा एकमेव देश. परदेशातल्या विणकामाच्या दुकानांत ‘टसा’ नावाने जो धागा मिळतो तो बहुतेक चीनमधला, ओकच्या पानांवर वाढणाऱ्या वेगळ्या किड्याचा. ऐनावरचा कोसा आपला.

पाऊस सुरू झाला की कोशातून पतंग बाहेर येतात, अंडी घालतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या झाडावर सोडायच्या. महिना-सव्वा महिना त्या पाला खातात, चार वेळा कात टाकतात आणि मग फांदीला घट्ट देठ बांधून त्याखाली कोष विणतात. हे सगळं रानात, तेव्हा कावळे, मुंग्या, गांधीलमाश्या या सगळ्यांना मेजवानीच. म्हणून माणसं झाडाखाली मुक्काम ठोकतात, गलोल घेऊन दिवसभर राखण करतात. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसह फांदी कापून दुसऱ्या झाडावर नेतात. चेन्नूर, कोटपल्ली, वेमनपल्ली या भागांतली जंगलाकाठची अनेक कुटुंबं हे काम करतात. याच जंगलातून ताडोबाकडचे वाघ प्राणहिता ओलांडून ये-जा करतात. त्यामुळे ‘राखण’ हा शब्द इथे फक्त कावळ्यांपुरता नसतो.

चेन्नूर

मंचेरियलहून चेन्नूरची बस सकाळी पकडली. खाणींचा भाग मागे पडला की रस्त्याला कापसाची शेतं लागतात. चेन्नूरला गोदावरी उत्तरेकडे वळते, म्हणून तिथलं स्नान पुण्याचं मानतात. बसमधल्या निम्म्या बायका त्यासाठीच चालल्या होत्या.

बाजार म्हणजे एक शेड आणि जमिनीवर ओतलेले कोषांचे ढीग. लांबून पाहिलं तर कुणी चिकू ओतलेत असं वाटतं. कोष चार-पाच सेंटिमीटर लांब, फिकट मातकट, इतका टणक की बोटाने दाबला तरी सहज दबत नाही. व्यापारी दोन बोटांत धरून दाबतात, कानाशी नेऊन हलवतात. कोसा वजनावर नाही, मोजून विकला जातो. भाव हजाराला ठरतो. तेलुगू, हिंदी, मराठी तिन्ही भाषा एकाच ढिगाभोवती चाललेल्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्या हातात कोष ठेवला आणि देठाचं कडं दाखवलं. फांदीचा ठसा त्यात तसाच होता.

लिलाव झाला की पोती ट्रकमध्ये चढतात आणि बहुतेक माल बाहेर जातो. म्हणजे रान आमचं, राखण आमची, आणि धागा, कापड, नफा दुसरीकडे. कोळशाचीही गोष्ट अशीच, हे मला तिथे उभं राहून जाणवलं.

सगळा कोसा मात्र जात नाही. काही बायका इथेच धागा काढतात. सोड्याच्या पाण्यात कोष उकळून मऊ करायचे, टोक शोधायचं, चार-सहा कोषांचे तंतू एकत्र ओढत पीळ द्यायचा. पूर्वी हे काम मांडीवर तंतू घासून व्हायचं. कातडी सोलवटायची, पाठ धरायची. केंद्रीय रेशीम मंडळाने त्यासाठी ‘बुनियाद’ नावाचं छोटं यंत्र आणलं, आता पुष्कळ ठिकाणी बायका यंत्रावर बसतात. पतंग बाहेर पडल्यामुळे भोक पडलेले कोष सलग उलगडत नाहीत. त्यांच्यापासून हाताने जाडसर, गाठीगाठींचा धागा ओढतात, त्याला घिचा म्हणतात. मला विणायला हवा होता तो हाच.

धागा दाखवणाऱ्या अम्मांनी विचारलं, “साडी कुणाची, बिड्डा?” आमच्याकडे मुलाला प्रेमाने बिड्डा म्हणतात. मी म्हटलं, साडी नाही अम्मा, बाबांसाठी स्वेटर. त्या थांबल्या. “याचा स्वेटर होतो?”

मी २०० ग्रॅम घिचा घेतला. नंतर हिशेब केला. एक किलो टसर धाग्याला हजार-बाराशे कोष लागतात. म्हणजे माझ्या पिशवीत अंदाजे २०० ते २४० कोष होते. प्रत्येक कोष म्हणजे कावळ्यांच्या तावडीतून वाचलेली एक अळी, आणि तिच्यासाठी झाडाखाली घालवलेले दिवस.

नदीपलीकडे

दुसऱ्या दिवशी मित्राच्या गाडीने पुढे गेलो. अर्जुनगुट्ट्याजवळ प्राणहितेवर पूल आहे. अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्रातला सिरोंचा तालुका. २०२२च्या एप्रिलमध्ये प्राणहितेचं पुष्कर झालं तेव्हा दोन्ही काठांवर स्नानाला गर्दी होती. पुलावर उभं राहिलं की दोन्हीकडे तेच रान दिसतं. तोच ऐन, तोच सागवान. सिरोंच्यातल्या दुकानांत अर्धे लोक तेलुगू बोलतात आणि पाट्या मराठीत.

कोसा महाराष्ट्रातही याच पट्ट्यातला. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत ढिवर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोसा वाढवतात आणि कोष्टी विणतात. विदर्भातली करवती साडी याच कोशाची: अंगात टसर आणि काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आजीच्या ट्रंकेतली मातकट, सळसळणारी साडी ‘करवती’ होती हे मला आत्ता उमगलं.

सिरोंच्याहून गोदावरीचा पूल ओलांडून कालेश्वर आणि तिथून महादेवपूर. हे पुन्हा तेलंगणात. महादेवपूरला टसरच्या साड्या हातमागावर विणतात. मागावर बसलेल्या काकांनी माझी घिचाची लड हातात घेतली, दोन बोटांत फिरवली आणि विचारलं, “चेन्नूर?” त्यांना धाग्यावरून गाव कळलं. आपल्याला कपड्याच्या लेबलवरूनही देश नीट कळत नाही.

स्वेटर

रेशीम मजबूत असतं, पण लोकरीसारखं ताणून पुन्हा जागेवर येत नाही. लोकरीच्या केसाला नैसर्गिक नागमोड असते, रेशमाला नसते. म्हणून आधी नमुन्याचे तीन चौकोन विणले: एक फक्त कोशाचा, एक फक्त लोकरीचा, एक दोन्ही धागे एकत्र धरून. तिन्हींना चिमटे लावून रात्रभर दोरीवर टांगले. सकाळी कोशाचा चौकोन चांगलाच लांबला होता. लोकरीचा तसाच होता. जोडीचा किंचित उतरला होता, पण हाताला सगळ्यांत छान तोच लागत होता. वाटलं होतं इथलीच दख्खनी मेंढीची लोकर वापरावी. आपली घोंगडी आणि तेलुगूतली गोंगडी तिचीच. पण ती जाड आणि खरबरीत, थंडी-पावसात पांघरायला उत्तम, मानेला टोचणारी. म्हणून बारीक मऊ लोकर घेतली. अंग आणि बाह्या दोन धाग्यांच्या. कंबर, मनगट आणि गळ्याच्या पट्ट्या नुसत्या लोकरीच्या, म्हणजे त्या ताण धरतील.

दहा सेंटिमीटरला १८ टाके, बाबांसाठी घेर १०४ सेंटिमीटर, म्हणजे गोल सुईवर १८८ टाके. कोशाला रंग दिलेला नाही. राखाडी लोकरीत तो मधूनच मधासारखा चमकतो.

पुढच्या खेपेला जोडीचा चौकोन घेऊन मी मुद्दाम चेन्नूरला गेलो. अम्मांनी तो उलटासुलटा केला, ओढला, गालाला लावला. शेजारणींना बोलावलं. इतकी वर्षं धागा काढला, पण आपल्या धाग्याचं असं काही होताना त्यांनी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, तुमची मुलगी हे काम शिकली का? “ती मंचेरियलला दुकानात जाते, बिड्डा. तिथे महिन्याला ठरलेला पगार आहे. इथे कोष आला तर काम, नाही आला तर बसून.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस लांबला की कोष कमी, कोष कमी की काम कमी. असं काम मुलीने करावं हे आपण कुठल्या तोंडाने सांगणार?

हौशी माणसाच्या एका स्वेटरने कुणाचं घर चालत नाही. पण आपल्यासारखी घरं वर्षाला किती रेशीम, किती लोकर, किती शाली घेतात? त्यातलं एखादं आपल्याच रानातलं असावं, धागा काढणारीच्या हातून घेतलेलं असावं, एवढं आपल्याला जमण्यासारखं आहे. ऐनाचं झाड उभं ठेवण्यात कुणाचा तरी रोजचा फायदा असेल, तोवरच ते झाड उभं राहील.

आमच्याकडे म्हणतात, शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. तसंच झालं. अंग पूर्ण झालंय, एक बाही झालीय, आणि बाहेर ऊन तापू लागलंय. बाबा म्हणतात, “घाई नको, डिसेंबर दरवर्षी येतो.”

जायचं असेल तर

मंचेरियलला सिकंदराबादहून आणि नागपूरहून थेट गाड्या आहेत. पुढे चेन्नूरला बस मिळते. प्राणहिता, सिरोंचा, कालेश्वर, महादेवपूर असा फेरा करायचा तर स्वतःची गाडी बरी. हिवाळा उत्तम, कोषांचा बाजार हंगामावर असतो, म्हणून आधी तिथे चौकशी करून निघा. मुलांना जरूर न्या. एक रिकामा कोष त्यांच्या हातात द्या आणि देठावरचा फांदीचा ठसा शोधायला सांगा. आणि घरात कुणी विणणारं असेल तर घिचाची एक लड घेऊन या. लोकरीबरोबर जोडीने विणा, छान होतं.